अमळनेरची शाळा आणि साने गुरुजींचे गद्य

शाळेचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. शताब्दीची स्मरणिका निघते. तीत देणगीदारांची छायाचित्रे, मुख्याध्यापकांची नामावळी, शालान्त परीक्षेचे निकाल आणि नामवंत माजी विद्यार्थी यांना मानाची जागा मिळते. शिक्षकांनी मुलांसाठी काय लिहिले, मुलांनी काय वाचले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलसारख्या शाळेच्या बाबतीत ही उणीव मराठी गद्याच्या अभ्यासकांनाही जाणवावी, असे आम्हांस वाटते.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. अमळनेर पूर्व खानदेशात पडले, तरी धुळ्याशी त्याचा संबंध निकटचा राहिला. बोरीकाठचे, संत सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांना परिचित असलेले हे गाव पुढे कापडगिरणीचे गाव झाले. गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि हायस्कूललाही त्यांचेच नाव लाभले. कापूस, भक्ती आणि वेदान्त यांचा असा शेजार इतरत्र विरळाच.

कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने अमळनेरास आले ते या तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने. तेथे त्यांचे मन रमले नाही. १९२४ साली ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली, घर सोडून राहणारी मुले हा त्यांचा पहिला वाचकवर्ग. या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहून काढीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

या हस्तलिखित दैनिकाचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. रोज लिहायचे, तेही समोर वावरणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे विद्वत्तेचा थाट आपोआप गळून पडतो. वाक्य आखूड होते, संबोधन जवळचे होते आणि मुलाला झोपेपूर्वी आठवेल असा एखादा प्रसंग हाताशी ठेवावा लागतो. गुरुजींच्या गद्याची म्हणून जी लक्षणे आपण वर्गात सांगतो, ती हीच नव्हेत काय?

१९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी शाळा सोडली. शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची. परंतु शाळेची सवय तुरुंगातही सुटली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी, आणि त्यातूनच ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी या काळात त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग लिहिला. या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्री’ आहेत: आश्रमातील प्रार्थना आटोपते, मंडळी जमतात आणि श्याम आठवण सांगू लागतो. कथा कोकणातील असली, तरी ऐकणाऱ्यांची ही बैठक आम्हांस अमळनेरच्या छात्रालयाची वाटते. हे अनुमान आहे. परंतु पाच दिवसांत एवढे लेखन ज्याच्या हातून झाले, त्याला सांगण्याची रीत आधीच सापडलेली होती, हे मान्य करावे लागेल.

गुरुजींच्या लेखनावर भाबडेपणाचा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. त्यांच्या लेखनात अश्रू सढळ आहेत. तथापि हा भाबडेपणा व्यवहारात लेचापेचा नव्हता. गिरणीमालकाच्या नावाच्या शाळेत शिकवलेला हा मास्तर पुढे अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभा राहिला, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राणांतिक उपोषण केले. छात्रालयात ज्याने मुलांमध्ये आपपर मानले नाही, त्याला मंदिराच्या दारातला भेद सोसवला नाही, इतकेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरास भरले. १९५२ चे संमेलनही याच गावचे. दोन्ही प्रसंग गावाला भूषणावह आहेत. पण संमेलन तीन दिवसांत उठते. शाळांच्या कपाटांतली हस्तलिखिते, भित्तिपत्रके आणि वार्षिके तेथेच राहतात, आणि रंगरंगोटीच्या वेळी रद्दीत जातात. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक जुन्या शाळेत गुरुजी निघणार नाहीत, हे उघड आहे. तरी मराठीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून एकदा आपापल्या शाळेचे कपाट उघडावे आणि जे सापडेल त्याची यादी करावी, अशी आमची विनंती आहे.