बिकिनी : पाहुणे जातात, गावकरी नाही

स्कूबा डायव्हिंगच्या एका व्हिडिओत परवा मार्शल बेटांतलं बिकिनी पाहिलं. समुद्राच्या तळाशी ‘साराटोगा’ ही अमेरिकेची विमानवाहू नौका. ती युद्धात बुडाली नाही. जुलै १९४६च्या अणुचाचणीत अमेरिकेनंच बुडवली. त्यासाठी मार्चमध्येच १६७ बेटवासीयांना ‘तात्पुरतं’ हलवलं होतं. १९५८पर्यंत तिथं २३ चाचण्या झाल्या. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली. तिथलेच नारळ खाऊन अंगात किरणोत्सर्गी सिझियम साठलं. १९७८ला पुन्हा बाहेर!

१९९६पासून पर्यटक मात्र जाऊ लागले. त्यांचं बरंय, आठवडाभर डुबक्या, शिधा बाहेरून. गावकऱ्याला तिथंच पिकवून खायचंय.

म्हणून सरकार कुठलंही असो, ‘तात्पुरतं’ म्हणालं की मी आधी विचारतो : परत आणायची तारीख सांगा.