घाटाखालचा मुक्काम

पोलादपूर हें सावित्रीच्या खोऱ्यांत, दोन घाटांच्या तोंडाशीं वसलेलें आहे. पूर्वेस आंबेनळीचा घाट महाबळेश्वरास चढतो. दक्षिणेस कशेडी ओलांडून खेडास उतरावें लागतें. चढणीपूर्वीं विसावा घ्यावा, हा गाडीवानांचा जुना परिपाठ. गाडीखालीं पेंढा व अंगावर घोंगडी, एवढ्यावर पौषाची रात्र सरे.

मोटारट्रक आला, तेव्हां निजण्याची जागा वर केबिनमध्यें गेली. ऊब मात्र तिच्याबरोबर गेली नाहीं. पुष्कळ वर्षें कारखान्यांतून चाकांवरील सांगाडाच मिळे. केबिन सुतार लाकडाची बांधी. तिच्या फटींतून वारा शिरे. इंजिनाची धग घटका दोन घटका टिके. पुढें घोंगडीच उरे. बंद केबिनमध्यें निखाऱ्यांची शेगडी ठेवणें तर प्राणघातक. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि निजलेल्यास जाग येत नाहीं.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें ही थंडी ओळखली. रात्रीच्या मुक्कामीं विश्रांतीची खोली असावी, आणि पाऊस व थंडी यांपासून रक्षणार्थ कपडे देण्याचे नियम राज्य सरकारांस करतां यावेत, अशी तरतूद त्यांत होती. परंतु पांचांहून कमी कामगारांच्या धंद्यास तो आपोआप लागू नव्हता. आणि ट्रकचा धंदा बहुतांशीं अशाच लहान मालकांच्या हातीं होता.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असणें सक्तीचें झालें. हा उपाय चालत्या गाडींतील उन्हाळ्याचा होय. उभ्या गाडींतील हिंवाळ्याची रात्र अजून चालकाच्या घोंगडीवरच सोंपविलेली आहे.