सात वेळा लुकलुकणारा दिवा

पिनबॉल म्हणजे आपल्या खिळ्यांच्या बॅगाटेलचा विजेवर चालणारा थोरला भाऊ. १९७७ साली शिकागोच्या बॅली कंपनीने त्यातले रिले काढून मोटोरोलाचा ६८०० प्रोसेसर बसवला. पण बिघडलं तर कळणार कसं? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला भारी आवडतो. यंत्र चालू केलं की बोर्डावरचा छोटासा दिवा क्षणभर चमकतो आणि मग सात वेळा लुकलुकतो. पहिल्यांदा रॉम ठीक, मग दोनदा रॅम, मग दोन पिआ चिपा, सहाव्यांदा डिस्प्लेचा टायमर, सातव्यांदा सॉलेनॉइडचा वीजपुरवठा. तीनदा लुकलुकून थांबला, तर दोष चौथ्यात शोधायचा. नुसतं मोजता आलं की झालं!

आणि हे बोर्ड मेले कशाने? त्यांच्यावरच डाग देऊन बसवलेल्या ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीने. वीज गेली तरी हायस्कोअर आणि नाण्यांचा हिशोब लक्षात राहावा, म्हणून ती होती. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि तिच्यातली अल्कली तांब्याच्या रेघा, सॉकेटं खाऊन टाकते. दुरुस्ती करणारे आधी व्हिनेगरने धुतात, मग तुटलेली एकेक रेघ तारेने सांधतात.

जिने आठवण जपायची, तिनेच पाटी पुसली म्हणायची!

असो. मंडळी, माळ्यावर जुना रेडिओ, टॉर्च पडला असेल तर आजच सेल काढून ठेवा.