तीन इंचांचा ठोकळा आणि संशोधनाचा प्रश्न

इतिहासात संशोधन करायचं म्हटलं की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: "ही गोष्ट सर्वांत आधी कोणी केली?" मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि त्यात बरेच महिने घालवले. माझा विषय आहे अमेरिकेतल्या गाडीमालकांनी आपल्या गाड्यांमध्ये केलेले बदल. त्यातला एक अगदी साधा बदल घेऊन आज सांगतो, की हा प्रश्न कुठे अडतो आणि त्याच्या जागी काय विचारावं.

तो बदल म्हणजे 'बॉडी लिफ्ट'. आधी तो नीट समजून घ्या. जुन्या पिकअप ट्रकचे दोन भाग असतात. खाली शिडीसारखी लोखंडी चासी. इंजिन, एक्सल, चाकं सगळं तिच्यावर. वर बॉडी, म्हणजे केबिन आणि मागचा हौदा. दोन्हींच्या मध्ये रबरी बुश ठेवून बोल्ट आवळलेले असतात. बॉडी लिफ्ट करणारा हे बोल्ट काढतो, जॅकने बॉडी उचलतो, प्रत्येक बुशापाशी साधारण १ ते ३ इंच जाडीचा ठोकळा ठेवतो आणि लांब बोल्टांनी पुन्हा आवळतो. मडगार्ड वर गेल्यामुळे चाकाभोवती जागा होते आणि मोठे टायर बसतात.

इथला एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नुसत्या ठोकळ्यांनी चासी एक इंचही वर जात नाही. जमिनीपासून उंची वाढते ती मोठ्या टायरांमुळे. शिवाय बॉडी वर सरकली की तिला चासीशी जोडणारी प्रत्येक गोष्ट ताणली जाते: स्टिअरिंगचा दांडा, पेट्रोल भरायची नळी, अर्थिंगच्या तारा. बऱ्याच ट्रकमध्ये रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो आणि पंखा इंजिनाबरोबर खालीच राहतो, मग पंख्याभोवतीचं कडं खाली सरकवावं लागतं. जुन्या ट्रकमध्ये तर गंजलेला बोल्ट फिरायच्या ऐवजी तुटतो आणि अर्धा दिवस तिथेच जातो.

आता सांगा, पहिली बॉडी लिफ्ट कोणी केली? सुट्टीच्या दिवशी घराच्या अंगणात केलेल्या कामाची नोंद कोण ठेवणार? लोकांनी लाकडाचे ठोकळे लावले. आइस हॉकीच्या रबरी चकत्याही लावल्या, कारण चकती बरोबर १ इंच जाड आणि स्वस्त. अशा गोष्टी पेटंटच्या दप्तरात सापडत नाहीत. माझे मार्गदर्शक एकदा म्हणाले, "समज, ते नाव सापडलं. मग पुढे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मी प्रश्न बदलला: हे लोकांना का करावंसं वाटलं, आणि त्याची झळ कोणाला लागली?

'का'पासून सुरू करू. वापरणाऱ्याने यंत्र आपल्या सोयीने बदलणं जुनंच आहे. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकात दाखवलं, की अमेरिकेतले शेतकरी मोटारीचं मागचं चाक जॅकवर उचलून, पट्टा लावून त्यावर कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा चालवत. तीच नजर पुढच्या काळाला लावून बघा. टोयोटाच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपला १९७९ पासून पुढे सलग एक्सल होता. स्प्रिंगचे पाटे बदलले की ट्रक उंच व्हायचा. १९८६ च्या मॉडेलपासून पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली. रस्त्यावर आराम वाढला, पण तिथे उंची वाढवायची म्हणजे शाफ्टचे कोन बिघडणार आणि खर्च वाढणार. अशा मालकाला ठोकळेच परवडणारे.

गरजेबरोबर मिरवणंही आलं. सेंट लुइसजवळच्या बॉब चँडलर यांनी १९७४ चा फोर्ड ट्रक वाढवत नेऊन 'बिगफूट' केला आणि १९८१ मध्ये त्याने जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या. उंच ट्रक आता बघायची गोष्ट झाली.

आणि झळ? अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार मोटारींचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यातला धक्का सोसतील असे हवेत. पिकअप ट्रकना हा नियम नाही. म्हणजे उंच ट्रक छोट्या मोटारीवर आदळला तर बंपरला बंपर भिडेलच असं नाही. म्हणून अनेक राज्यांनी उंचीवर मर्यादा घातल्या.

कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतलं कलम २४००८.५ वाचा. त्यात गाडीच्या वजनानुसार चासीची कमाल उंची दिली आहे. आणि वेगळं एक वाक्य आहे: बॉडीचा तळ चासीच्या वरच्या कडेपासून ५ इंचांहून जास्त वर नसावा. हे वाक्य कशाला? मघाचा बारकावा आठवा. नुसती चासी मोजली तर ठोकळे मोजलेच जात नाहीत. अंगणातल्या ज्या कामाची नोंद कोणी ठेवली नव्हती, तिची नोंद मला इथे सापडली. मालकांच्या फोटोंत आणि जोडणीच्या सूचनापत्रकांत समोरच्या छोट्या मोटारीतला माणूस कुठेच नसतो. या मर्यादांमध्ये तो आहे.

पण घाई करू नका. कलम होतं, एवढ्यावरून ते किती पाळलं गेलं हे कळत नाही. त्यासाठी पोलिसांचे दंड, विम्याचे दावे असं वेगळं साधन लागतं.

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. जीप-थार उंच करणाऱ्यांवर कोणाला काम करायचं असेल तर सुरुवात इथून करा.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा "पहिलं कोण" हे वाक्य खोडून बघा. त्या जागी लिहा, की ही गोष्ट कोणाला खटकली आणि त्याने तक्रार कुठे नोंदवली. मग त्या दप्तराचा पत्ता शोधायला निघा.