जूबेर सिंड्रोम
मेंदूच्या घडणीतील दुर्मिळ, जन्मजात आनुवंशिक विकार. मारी जूबेर यांनी १९६९ मध्ये कॅनडातील एका कुटुंबातील भावंडांवरून त्याचे वर्णन केले. बाळाचे अंग सैल असते, श्वास कधी धापेसारखा चालतो तर कधी थांबतो, नजर ठरत नाही. यांपैकी प्रत्येक लक्षण इतर विकारांतही आढळते. म्हणून निदानाची मुख्य भिस्त एमआरआयवर असते. लहान मेंदूचा मधला भाग खुरटलेला, लहान मेंदूला मध्यमेंदूशी जोडणारे तंतूंचे जुडगे जाड, लांब व आडवे, आणि मस्तिष्कस्तंभाच्या पुढची खाच खोल असल्याने आडव्या छेदात दाढेसारखी आकृती उमटते. छेद जाड घेतले किंवा पातळी चुकली तर ती निसटते. या तपासणीत क्ष-किरण नसतात; परंतु बाळ निश्चल राहावे म्हणून गुंगी द्यावी लागल्यास श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे अत्यावश्यक असते. दाढेची आकृती दिसताच दृष्टिपटल, मूत्रपिंड व यकृत तपासावेत, कारण त्यांचे विकार पुढे हळूहळू प्रकट होऊ शकतात. कारणीभूत जनुके तीसहून अधिक आहेत. बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही वाहक असतात आणि पुढील प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका राहतो; त्यामुळे कुटुंबाला जनुकीय समुपदेशन वेळेत मिळायला हवे.