परदेशात ‘ज्यूस फास्टिंग रिट्रीट’ला जाताय? आधी पारण्याचा विचार करा

बाली किंवा थायलंडच्या ट्रिपचे रील्स पाहताना हल्ली एक जाहिरात हमखास येते: समुद्रकिनारी सात दिवस राहा, फक्त ज्यूस प्या, शरीर ‘डिटॉक्स’ करून घरी जा. गिरगाव, दादर, लालबागच्या घरांत उपवास काही नवा नाही. पण साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेली ‘एकादशी, दुप्पट खाशी’ वेगळी आणि आठवडाभर रसावर राहणं वेगळं. तेही घरापासून हजारो किलोमीटर दूर. म्हणून पैसे भरण्याआधी थोडी माहिती घेतलेली बरी.

ज्यूस फास्टिंग म्हणजे नेमकं काय?

ठरावीक दिवस घन अन्न बंद ठेवून फक्त फळांचा, भाज्यांचा रस, पाणी आणि कधी भाज्यांचं पातळ सूप घेणं म्हणजे ज्यूस फास्टिंग. आपल्याकडच्या निसर्गोपचारात याला ‘रसाहार’ म्हणतात. रिट्रीटमध्ये त्याच्या जोडीला योग, मसाज आणि बऱ्याच ठिकाणी एनिमा असतो.

हे आलं कुठून?

युरोपात ही पद्धत रुजवणाऱ्यांमध्ये जर्मन नौदलातले डॉक्टर ओटो बुखिंगर यांचं नाव मोठं आहे. सांधेदुखीने बेजार झालेल्या बुखिंगर यांनी १९१९ मध्ये स्वतः दीर्घ उपवास केला आणि पुढे उपवासाचे दवाखाने काढले. त्यांच्या पद्धतीत रस आणि सूप मिळून दिवसाला जेमतेम २००-२५० कॅलरी मिळतात.

आपल्या जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातलं उरुळीकांचन. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी तिथे राहिले, रुग्ण तपासले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. आश्रम आजही सुरू आहे.

गांधीजींचा १९४३ चा उपवासही इथे आठवायला हवा. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च असा २१ दिवसांचा उपवास केला. कारण राजकीय होतं. पण नुसतं पाणी पोटात ठरत नसल्याने त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालण्याची मुभा त्यांनी आधीच जाहीर केली होती. उपवासाचा इतका अनुभव असलेल्या माणसाभोवतीही मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर, डॉ. बिधनचंद्र रॉय असे डॉक्टर होते. तुमच्या रिट्रीटमध्ये कोण असणार आहे, हे आधी विचारा.

शरीरात काय होतं?

यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. खाणं थांबलं की साधारण दिवसभरात हा साठा संपत येतो आणि शरीर चरबी वापरू लागतं. सोबत थोडे स्नायूही झिजतात, कारण रसात प्रथिनं जवळपास नसतात. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत काट्यावर घटलेलं वजन बहुतांश पाण्याचं असतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते परत येतं.

डोकेदुखी, चिडचिड, उठताना चक्कर येणं हे पहिल्या दिवसांत सर्रास होतं. रिट्रीटवाले याला ‘विष बाहेर पडतंय’ म्हणतात. खरी कारणं साधी असतात: चहा-कॉफी सुटलेली असते, मीठ-पाणी कमी झालेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो. नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात. रसाने ते काम जास्त चांगलं होतं, असा भक्कम पुरावा नाही.

फायद्याचं काय? बुखिंगर दवाखान्यातल्या १,४२२ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ ते २१ दिवसांच्या उपवासात वजन, रक्तदाब, रक्तातली साखर कमी झाल्याचं दिसलं. मात्र तो अभ्यास त्याच दवाखान्याशी संबंधित लोकांनी केला होता आणि तुलनेसाठी उपवास न करणारा गट नव्हता. शिवाय ते सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते.

कोणी जाऊ नये?

- गर्भवती, स्तनपान करणाऱ्या माता आणि १८ वर्षांखालची मुलं
- टाइप १ मधुमेह असलेले
- मूत्रपिंडाचा आजार असलेले. पालक, बीट यांच्या रसात ऑक्झलेट भरपूर असतं. अशा रसांच्या अतिरेकाने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत
- वजन आधीच कमी असलेले किंवा खाण्यासंबंधीचे मानसिक विकार झालेले

गाउट किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

गोळ्या चालू असतील तर आणखी सावध राहा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये घेतल्या आणि पोटात अन्न नसलं, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येऊन पडायला होतं. ग्रेपफ्रूटचा रस कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवतो. हिरव्या पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. डोस कसा बदलायचा हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने गोळी बंद करू नका.

बुकिंगआधी विचारायचे प्रश्न

- प्रवेशाआधी आजार आणि औषधांची माहिती घेतात का, रक्ततपासणी मागतात का?
- डॉक्टर किंवा नर्स तिथे राहतात की फोनवर असतात?
- जवळचं मोठं रुग्णालय किती लांब? परळमध्ये राहणाऱ्याला केईएम जवळ असतं. छोट्या बेटावर बोटीची वाट पाहावी लागू शकते.
- रसासाठी पाणी आणि बर्फ कुठला? उपाशी पोटी जुलाब लागले तर अशक्तपणा झपाट्याने येतो.
- एनिमा ऐच्छिक आहे ना? वारंवार घेतल्यास क्षारांचं संतुलन बिघडू शकतं.
- तुमचा प्रवास विमा अशा उपवासातून उद्भवलेल्या आजाराचा खर्च देतो का?

सगळ्यात नाजूक दिवस: पारणं

गिरगाव-लालबागमध्ये शेजारी जैन कुटुंब असेल तर पर्युषणातली अठ्ठाई तुम्ही पाहिली असेल. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. पण नवव्या दिवशी कोणी पंक्तीला बसत नाही. मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थांनी पारणं होतं.

यामागे शरीराचं गणित आहे. बरेच दिवस उपाशी राहून एकदम पोटभर जेवलं, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. याला ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये तो ठळकपणे दिसला. ब्रिटनमधल्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार ५ दिवसांहून जास्त काळ फारसं न खाल्लेल्या रुग्णांना पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त आहार देऊ नये. धडधाकट माणसाला आठवडाभराच्या रसाहारानंतर हा धोका कमी असतो, पण बारीक अंगाच्या किंवा आजारी माणसाला तो जास्त.

आणि पर्यटक नेमके इथेच चुकतात. सातव्या दिवशी शेवटचा ज्यूस, संध्याकाळी विमानतळावर बर्गर, रात्री फ्लाइट, सकाळी दादरला उतरून मिसळ. म्हणून पारण्यासाठी किमान दोन-तीन दिवस हातात ठेवा. रिट्रीट सात दिवसांचं असेल तर परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं काढा. सुरुवात पातळ सूप, मऊ भात, मुगाचं वरण अशी करा. छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं, पायावर सूज किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही झालं, तर थेट रुग्णालय गाठा.