कारवीचा कूड आणि आमड्याची घरं

घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. तिथली जुनी घरं मी सुताराच्या नजरेनं पाहत आलो. भिंत म्हणजे कारवीचा कूड. कारवीच्या झुडपाच्या काठ्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. वळचण इतकी खाली की वाकूनच आत शिरायचं, कारण तिरपा पाऊस लागला की लिंपण गळून येतं. ते खुशाल गळू दे, दिवाळीपर्यंत घरची बाईच पुन्हा लिंपून काढायची. भातखाचरंही अशीच घरच्या हातांनी, पडकईनं म्हणजे एकमेकांच्या शेतात राबून बांधलेली.

३० जुलै २०१४ ला डोंगर खचून याच भागातलं माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे एसटीच्या चालकामुळे बाहेर कळलं. मग पुनर्वसनासाठी तज्ज्ञांनी जागा तपासल्या आणि जवळच्या आमड्याला ६७ पक्की घरं उभी राहिली. २ एप्रिल २०१७ ला लोकार्पण झालं. त्याच जूनच्या पावसात तिथले रस्ते खचले, संरक्षक भिंती ढासळल्या. नव्या भरावाला दोन पावसाळे खाऊ द्यावेत, हे आमच्याकडे जोतं घालणारा कुणीही सांगेल. पण बेघर माणसांना आणखी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये थांबा म्हणायचं कुणी? तरीही माझं मत असं, की नव्या गावाच्या आराखड्याच्या बैठकीत वाडीतला एखादा जुना गवंडी मानधन देऊन बसवायला हवा होता.